बसून राहणारे बोरसे सर

बोरसे सर हजेरी तोंडपाठ घेत. हजेरीपट टेबलावर मिटलेला असे, त्यावर खडूचा डबा ठेवलेला, आणि सर खिडकीशी उभे राहून बाहेर बघत एकेक नाव घेत. अठ्ठावन्न नावं, आडनावासकट, क्रमाने. एखाद्याने गैरहजर मित्रासाठी आवाज बदलून 'हजर' म्हटलं, तर सर मागे न वळता म्हणत, "भामरे, पवार तुझ्या गळ्यातून कसा काय बोलतो?" वर्ग हसे. सर हसत नसत. पुढचं नाव घेत.

सुरतेत प्लेगची घबराट झाली त्याच्या आदल्या वर्षी मी त्या शाळेत लागले. मी नाशिकची. यजमान बँकेत, त्यांची बदली झाली म्हणून सुरतेला आलेली. शाळा मराठी माध्यमाची, नवागामच्या कडेला, सातवीपर्यंत. मुलं बहुतेक खानदेशातून आलेल्या लूम कामगारांची. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि आमच्यापुढे पुस्तकातली मराठी, अशा चार भाषा ती मुलं न अडखळता बोलत. मला सुरुवातीला त्यातल्या दोनच कळत. बाकीच्या बोरसे सरांनी शिकवल्या.

सर बुटके, सावळे. दोन पांढरे सदरे आळीपाळीने घालत आणि दोन्हींच्या खिशाला एकाच जागी शाईचा डाग होता. नवा खडू हातात आला की आधी मधोमध मोडत. अख्खा खडू लिहिताना तुटतो आणि तुकडा कुठे तरी हरवतो, अर्धा शेवटपर्यंत पुरतो, असं त्यांचं म्हणणं. मुलांवर हात उचललेला मी कधी पाहिला नाही. मूल अगदीच ऐकेनासं झालं, की सर त्याच्या बाकावर त्याच्या शेजारी जाऊन बसत. काही बोलत नसत. दहा मिनिटांत ते मूल वही उघडे.

बसून राहणं हेच त्यांचं हत्यार होतं. ते मी पहिल्याच जूनमध्ये पाहिलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीला तिथे सगळे वेकेशन म्हणतात. वेकेशन संपायला आठवडा राहिला, की सर 'पोरं गोळा करायला' निघत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावी गेलेली कुटुंबं परतलेली असत, काही परतलेली नसत. कोण आलं, कोण नाही, कोणाला वडिलांनी कामाला लावलं, कोणत्या मुलीला घरी ठेवलं, हे सर दारोदार फिरून बघत. नवी होते म्हणून मला बरोबर नेलं.

शोभा नावाची मुलगी होती, पाचवीत गेलेली. तिची आई घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करी आणि शोभा धाकट्या दोघांना सांभाळी. आई म्हणाली, शोभा आता शाळेत येणार नाही. सर म्हणाले, "बरं. तिचे वडील कधी येतात?" वडील पाळी संपवून दोनला येणार होते. तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. सर उंबऱ्याशी बसले. "मी बसतो. मला काही घाई नाही." मीही बसले. शोभाच्या आईने दोनदा पाणी दिलं, एकदा चहा दिला, मग तिचा हात पुन्हा टिकल्यांकडे वळला. वडील आले, जेवले, तिथेच भिंतीशी आडवे झाले. सर तसेच. चार वाजता वडील जागे झाले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही अजून गेले नाहीत?"

"तुम्ही दमून आलात. झोपमोड कशाला करायची? शोभा सोमवारी येते का, तेवढंच विचारायचं होतं."

तो माणूस उठून बसला. आई मात्र बोलली. "मास्तर, तुमनी आंडेर ऱ्हाती ते काय करतात?" आंडेर म्हणजे मुलगी, हे मला सरांनी येतानाच सांगितलं होतं; तुमची मुलगी असती तर, असं ती विचारत होती.

"माझी वैशाली आठवी झाली," सर म्हणाले. "दहावी करेल, बारावी करेल, मग कॉलेजात जाईल. तिला काय व्हायचंय ते ती ठरवेल."

सोमवारी शोभा आली. धाकट्या भावाला कडेवर घेऊन आली. सरांनी त्याला वर्गात मागच्या भिंतीशी बसवलं आणि पाटी दिली.

आम्ही दोघं एकाच सोसायटीत राहत होतो. बोरसे तळमजल्यावर, आम्ही त्यांच्या डोक्यावर. त्यामुळे सरांचं घर मला शाळेइतकंच माहीत झालं. वहिनी उंच, सरांपेक्षा चार बोटं जास्तच, आणि भरपूर बोलणाऱ्या. वैशाली मोठी, कल्पना तिच्यापेक्षा तीन इयत्ता मागे. मे महिन्यात ते चौघं तापी लाइनच्या पॅसेंजरने गावी जात. जूनच्या पहिल्या आठवड्यात उधन्याला उतरून रिक्षाने येत, तेव्हा आधी ज्वारीचं पोतं उतरे, मग उडदाच्या पापडांचा डबा, मग ट्रंक आणि शेवटी माणसं. पापडांची चवड संध्याकाळपर्यंत आमच्याकडे पोचलेली असे.

आणि मग ते चार दिवस. बोरशांच्या पुढच्या खोलीत जमिनीवर पुस्तकं पसरलेली असत. सर गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं काढत, वहिनी दाभणाने ती शिवून कच्च्या वह्या करत, कल्पना खळ लावी आणि वैशाली लेबलांवर नावं लिही. तिचं अक्षर फार सुंदर होतं. सोसायटीतली सगळी मराठी मुलं आपापली पुस्तकं तिच्याकडे आणून ठेवत. माझ्या मुलाच्या दुसरीच्या पुस्तकांवर तिनेच नाव घातलं. सर अधूनमधून एखादं लेबल उचलून प्रकाशात धरत आणि म्हणत, "ळ बघ. ळ कसा काढलाय." ते कोणाला उद्देशून नसे.

सरांच्या बोलण्यात मोठ्या भावाचा उल्लेख नेहमी येई. वडील लवकर गेले, तेव्हा भावाने सहावीत शाळा सोडली आणि नांगर धरला, म्हणून सर शिकले. "मी त्याच्या जागी शिकलो," असं ते म्हणत. भावासमोर ते खुर्चीवर बसत नाहीत, असं वहिनींनी मला सांगितलं होतं. मला ते तेव्हा चांगलंच वाटलं होतं.

वैशालीने दहावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात नेहमीप्रमाणे चौघं गावी गेले. निकाल जूनमध्ये लागणार होता.

परत आले तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. रिक्षातून पोतं उतरलं. ट्रंक उतरली. सर उतरले, कल्पना उतरली, वहिनी उतरल्या. मी वाकून विचारलं, "वैशाली कुठेय?"

वहिनींनी वर बघितलं. "तिचं लग्न झालं," म्हणाल्या आणि कुलूप उघडायला वळल्या.

मी खाली गेले नाही. संध्याकाळी त्यांच्याकडून पापड आले नाहीत. मीच चहा घेऊन गेले, तेव्हा सर ट्रंकेतले कपडे घडी करून कपाटात ठेवत होते. "या बाई," म्हणाले. "गाडीला फार गर्दी होती." एवढंच.

पुढच्या चार दिवसांत पुस्तकं पसरली. पानं निघाली, वह्या शिवल्या गेल्या. लेबलं कल्पनाने लिहिली. सरांनी एकही उचलून बघितलं नाही.

काय झालं ते वहिनींनी मला महिन्याभराने सांगितलं. दुपारची वेळ होती, आम्ही गच्चीवर तांदूळ निवडत बसलो होतो. मी विचारलं नव्हतं.

"भाऊजींनी शब्द देऊन टाकला होता," त्या म्हणाल्या. "मुलगा बरा आहे. शेती आहे, दूध डेअरीत कामाला आहे. आम्ही पोचलो त्याच्या तिसऱ्या दिवशी पाहुणे आले. मला वाटलं, नुसते बघायला आले. ओट्यावर दहा-बारा माणसं. भाऊजी म्हणाले, माझ्या भावाचा माझ्या शब्दाला नकार नसतो. सगळ्यांसमोर म्हणाले."

"आणि सर?"

"बसले होते." वहिनींनी तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. "तुम्ही मला सांगत होत्या ना, लोकांच्या दारात बसून बसून पोरी शाळेत आणतात म्हणून? मलाही तसंच वाटलं. म्हटलं, बसलेत, म्हणजे आता काही तरी करतील. पोरगी आत माझ्याजवळ उभी होती. तीही तेच बघत होती. दुपार झाली, चहा झाला. तिथी बघितली. सुपारी फुटली. संध्याकाळी हे उठले आणि हातपाय धुवायला गेले."

"वैशाली काय म्हणाली?"

"आठ दिवसांनी हळद लागली, तेव्हा विचारत होती, माझा निकाल कोण आणेल?"

त्या रडल्या नाहीत. मीही नाही. ताट भरलं होतं, ते डब्यात ओतलं आणि दुसरं घेतलं.

पण हे नंतरचं. शाळा सुरू झाली त्या सोमवारी मला यातलं काही माहीत नव्हतं. सरांचा वर्ग माझ्या वर्गाला लागूनच, मधे अर्धी भिंत. प्रार्थना झाली, मुलं बसली. मला हजेरीपट उघडल्याचा आवाज आला. सर नावं वाचू लागले. मी दारातून पाहिलं. ते खुर्चीवर बसले होते आणि ओळीवर बोट ठेवून एकेक नाव घेत होते. सहावीचाच वर्ग सातवीत आला होता आणि सर त्याच्याबरोबर आले होते. सगळी नावं गेल्या वर्षीचीच. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, तुम्हाला पाठ नाही का?"

"चुकायला नको," सर म्हणाले.

पुढची चार वर्षं मी त्यांना तसंच बोट ठेवून वाचताना पाहिलं.

निकाल लागला. वैशालीच्या हायस्कूलमधून गुणपत्रक सरांनीच आणलं. मधल्या सुट्टीत ते माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "बघा." एकाहत्तर टक्के होते. मराठीत शाळेत पहिली. मी म्हटलं, "छान आहेत."

"इंग्रजीत कमी पडले," सर म्हणाले. "बासष्ट. सत्तर पडायला हवे होते. व्याकरणात गेले असतील." कोणत्याही मुलाच्या गुणांबद्दल बोलावं तसं ते बोलले. मग कागदाची घडी घातली, ती तिरकी आली, पुन्हा उलगडून सरळ घातली आणि घंटा झाली म्हणून उठले. दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाने त्यांनी ते वैशालीच्या सासरी पाठवून दिलं. अकरावीच्या प्रवेशाचा फॉर्म त्यांनी एप्रिलमध्येच चौकशी करून आणून ठेवला होता, तोही पाकिटात गेला का, ते मला माहीत नाही.

त्या जूनमध्ये पोरं गोळा करायला सर निघाले नाहीत. मी दोनदा आठवण करून दिली. "तुम्ही जाऊन या, बाई," म्हणाले. "तुम्हाला आता घरं माहीत झालीत." मी गेले. बमरोलीच्या बाजूची चार मुलं आली, नवागामची तीन. शोभाकडे गेले. ती सातवीत जाणार होती. ती घरात दिसली नाही. आई तशीच टिकल्या लावत बसलेली. तिने मला पाणी दिलं.

"शोभा कुठे आहे?"

"मामाकडे." मग तिने हातातली साडी बाजूला ठेवली. आवाजात राग नव्हता. "मास्तरनी सोतानी आंडेरनं लगीन करी टाकं ना, बाई? मंग आम्हले काबर सांगतस?"

नवागाम, डिंडोली, बमरोली सगळीकडे त्याच तालुक्यांतली माणसं. बातमी त्याच पॅसेंजरने आली होती. मी बसून राहावं, असा विचार मनात आला. उंबऱ्याशी बसलेही. अर्ध्या तासाने उठले. मला ते जमत नव्हतं.

शाळेत सरांनी विचारलं, "शोभा?"

"मामाकडे गेलीय."

"हं," म्हणाले आणि तिच्या नावापुढे लिहिलं, 'गावी'. शोभाच्या आईचं बोलणं मी त्यांना सांगितलं नाही. पण त्यांनी मला पुढे काही विचारलं नाही, त्यावरून ते त्यांच्यापर्यंत आधीच पोचलेलं असावं.

सर वाईट शिकवायला लागले असं मुळीच नाही. त्रैराशिक त्यांच्याइतकं सोपं करून कोणी शिकवलेलं मी पाहिलं नाही. खडू मोडून अर्धा करत, वेळेवर येत, वेळेवर जात. मुलाशेजारी बाकावर जाऊन बसणं मात्र थांबलं. घरीही भांडण असं नव्हतं. वहिनी त्यांना जेवायला वाढत, डबा देत, ताप आला तर औषध देत. बोलत मात्र कल्पनातर्फे. "बाबांना विचार, भाकरी आणखी पाहिजे का." सर दीड हातावर बसलेले असत. "नको म्हणावं," ते कल्पनाला सांगत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते सहन होईना. नंतर मलाही त्याची सवय झाली.

वहिनींनी एकच गोष्ट केली. पुढच्या वर्षी मे महिना आला तेव्हा त्यांनी ट्रंक काढली नाही. सर एकटे आईला भेटायला गेले आणि आठ दिवसांनी परत आले. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. कल्पनाला वहिनींनी पुन्हा गावी नेलं नाही. आखाजीलाही नाही, चुलतबहिणीच्या लग्नालाही नाही. वैशालीला भेटायला दिवाळीनंतर त्या एकट्या जात, तिच्या सासरी दोन दिवस राहत आणि तिथूनच परत येत. दिराच्या घराची पायरी त्या चढल्या नाहीत.

तीन वर्षांनी कल्पना दहावी झाली. वैशालीपेक्षा चार टक्के कमी. अकरावीचा फॉर्म भरायला वहिनींनी मला बोलावलं, कारण तो गुजरातीत होता आणि कल्पनाला चूक होईल अशी भीती वाटत होती. आम्ही तिघी जमिनीवर बसलो होतो. सर आदल्याच दिवशी गावाहून आलेले, पलंगावर बसले होते. वडिलांच्या सहीची जागा आली. कल्पनाने फॉर्म पुढे केला. सरांनी सही केली, पेनला टोपण लावलं आणि म्हणाले, "दादा कल्पनाचं विचारत होता."

मग वहिनी बोलल्या, आणि तीन वर्षांत मी पहिल्यांदा त्यांना थेट सरांशी बोलताना ऐकलं.

"काय सांगितलं तुम्ही?"

"काही सांगितलं नाही."

"मग आता सांगा. कार्ड लिहा. बाईंच्या समोर लिहा."

सर बसून राहिले. मला वाटलं, आता हे असंच चालेल, संध्याकाळ होईल आणि ते हातपाय धुवायला उठतील. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. कल्पना फॉर्मवरचं आपलंच नाव वाचत होती. बऱ्याच वेळाने सर उठले, फळीवरून पोस्टकार्ड काढलं आणि माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून लिहायला बसले. 'तीर्थरूप दादा यांस' असं लिहून थांबले. मग लिहिलं, 'चि. कल्पनाने अकरावीत प्रवेश घेतला आहे. तिच्या लग्नाचा विषय यापुढे काढू नये. मी संमती देणार नाही.' खाली 'आपला आज्ञाधारक' असं लिहिलं आणि ते खोडलं. दुसरं काही सुचलं नसावं. तिथे नुसती सही केली. वाचून बघा, म्हणून कार्ड वहिनींपुढे धरलं.

वहिनींनी वाचलं. "टाकून या," म्हणाल्या.

सर चपला घालून गेले. पेटी कोपऱ्यावरच होती, पण ते तासाभराने परत आले. कुठे गेले होते, ते कोणी विचारलं नाही. "जेवायला वाढू का?" वहिनींनी विचारलं. कल्पनाला नाही, त्यांनाच. सर "हो" म्हणाले. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. पण त्या दिवसापासून ती दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलू लागली. भावाचं उत्तर कधीच आलं नाही, असं वहिनींकडून कळलं.

पुढच्या जूनमध्ये यजमानांची बदली जळगावला झाली. सामान ट्रकने पुढे गेलं होतं. यजमान आणि मुलगा त्याच्याबरोबर गेलेले. शाळेचे कागद पूर्ण करून मी दोन दिवसांनी सकाळच्या पॅसेंजरने निघाले. डब्यात शिरले तेव्हा वैशाली आधीच खिडकीशी बसलेली. तीन वर्षांचा मुलगा मांडीवर. लग्नानंतर ती पहिल्यांदाच उन्हाळ्यात माहेरी चार दिवस राहून सासरी परत चालली होती. तिने सरकून मला जागा दिली. ती भरली होती अंगाने, बोलणं सासरच्या गावचं झालं होतं.

सर बाहेर फलाटावर उभे होते, खिडकीच्या गजाला धरून.

"पाणी घेतलं?"

"घेतलं, बाबा."

"डबा वरती ठेवू नको. सांडेल."

"नाही ठेवला."

मला त्यांनी विचारलं, "बाई, जळगावला शाळा मिळाली का?" मी म्हटलं, बघते आहे. "मिळेल," म्हणाले. "सोमवारपासून आमची सुरू." नातवाने खिडकीतून हात बाहेर काढला, तो त्यांनी उचलून आत ठेवला. इंजिनाची शिटी झाली.

"वैशाली," सर म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मी तोंड दुसरीकडे वळवलं, पण ऐकू येतच होतं. सरांनी दोनदा तोंड उघडलं. गजावरची बोटं आवळली होती, नखं पांढरी पडलेली. गाडीला हिसका बसला.

"बाबा, हात सोडा," वैशाली म्हणाली. आवाज शांत होता. "लागेल तुम्हाला. मागे व्हा."

सरांनी गज सोडला आणि एक पाऊल मागे झाले. गाडी हलली. ते आणखी एक पाऊल मागे झाले, मग आणखी एक. आता गाडीपासून पुरेसे लांब होते, तरी थांबले नाहीत. चहावाल्याच्या गाड्याला पाठ टेकली तेव्हा तो त्यांना काही तरी बोलला, बाजूला व्हा म्हणाला असेल. सरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. वैशाली मुलाच्या तोंडाला लागलेलं बिस्किट पदराने पुसत होती. खिडकीतून मीच बघत होते. फलाट संपेपर्यंत ते दिसत होते.